बोहनी व्हाया हनोई

परदेशाचं तिकीट बुक झालं की सगळ्यात आधी काय तयार होतं? व्हिसा? बॅग? नवा गॉगल? छे! सगळ्यात आधी तयार होते यादी. ‘यांना-यांना काहीतरी आणावंच लागेल’ या नावाची यादी. ट्रिप आपली असते, यादी मात्र आईची असते.

माझ्या आईने ती बिलबुकातल्या एका पाठकोऱ्या पानावर केली. हुडकेश्वर रोडवर, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आईचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल-पिको, गोंडे, हुक, सेफ्टी पिना, सगळं. यादीत बारा नावं होती. दोन मावश्या, तीन काकू, एक आत्या, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू वहिनी, दुकानाचे फॉल लावून देणाऱ्या ताई, आईच्या भिशीतल्या तिघी, आणि माझ्या शाळेतल्या एक बाई, ज्यांनी मला दहावीनंतर एकदाही पाहिलेलं नाही!

‘‘महाग काही आणू नको. पण दिसलं पाहिजे,’’ आई म्हणाली.

आमच्या एकाही क्लायंटने इतकं क्लिअर ब्रीफ आजवर दिलेलं नाही.

तर व्हिएतनाम. हल्ली तिकडे कोण जात नाही ते विचारा. २०२२ मध्ये मुंबईहून थेट विमानं सुरू झाली, ऑगस्ट २०२३ पासून नव्वद दिवसांचा ई-व्हिसा घरबसल्या मिळायला लागला, आणि गर्दी लोटली. २०१९ मध्ये वर्षभरात पावणेदोन लाखांच्या आत-बाहेर भारतीय तिथे गेले होते. २०२४ मध्ये हाच आकडा पाच लाखांच्या घरात पोचला. मिहानमधल्या आमच्या ऑफिसातच मागच्या वर्षी चार जण जाऊन आले होते, आणि चौघांच्याही डेस्कवर त्रिकोणी टोपी घातलेली एकेक बाहुली होती. मग आम्ही तिघी मैत्रिणी तरी मागे का राहायचं? मार्च २०२५, आठ दिवस. हनोई, होई आन आणि सायगॉन.

पैशांपासून सुरुवात करू, कारण पहिला धक्का तिथेच बसतो. तिथलं चलन डोंग. आम्ही गेलो तेव्हा एका रुपयाला साधारण तीनशे डोंग. म्हणजे दहा हजार रुपये बदलले की हातात तीस लाख! नागपूरच्या पोरी एअरपोर्टवरच लखपती. सगळ्या मोठ्या नोटा प्लास्टिकच्या, २००३ पासून आलेल्या, आणि प्रत्येकीवर हो ची मिन्ह यांचा चेहरा. लोच्या असा, की वीस हजाराची नोट निळी आणि पाच लाखाची नोटही निळसरच. घाईत एकीच्या जागी दुसरी गेली, की पासष्ट रुपयांच्या शहाळ्याचे सोळाशे रुपये झाले म्हणून समजा. म्हणून पहिली टिप: पाच लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात.

दुसरी टिप. विक्रेते शेवटची तीन शून्यं बोलत नाहीत. ‘फिफ्टी’ म्हणजे पन्नास हजार. आपण उरलेल्या आकड्याला तीनने गुणायचं, वर थोडे धरायचे, झाले रुपये. भाषेचं टेन्शन नाही, कारण प्रत्येक स्टॉलवर एक जाडजूड कॅल्क्युलेटर असतो. बाई आकडा टाइप करते, तुमच्यापुढे धरते. तुम्ही तो पुसता, आपला आकडा टाइप करता, तिच्यापुढे धरता. ती ‘अगं बाई!’ असा चेहरा करते. हा चेहरा मला लगेच कळला. आमच्या सीताबर्डीत तो रोज बघायला मिळतो.

हनोईतला जुना भाग म्हणजे आपली इतवारीच. इतवारीत कशी सराफा ओळ, किराणा ओळ, एकेका मालाची एकेक ओळ आहे, तसंच तिथे. रस्त्यांची नावंच ‘हांग’ने सुरू होतात. हांग म्हणजे माल. हांग बाक म्हणजे चांदीची गल्ली, हांग थिएक म्हणजे पत्र्याची. हांग मा म्हणजे पितरांसाठी, देवासाठी जाळायच्या कागदी वस्तूंची गल्ली. तिथे कागदाच्या नोटा, कागदाचे कपडे, कागदाची घरं मिळतात. आणि हांग गाय! नावात गाय असली तरी तिचा अर्थ दोरखंडाचा वाख. वाख कधीच गेला, आता तिथे रेशमाची दुकानं आहेत.

मॅचिंग सेंटरवालीची मुलगी असल्यामुळे रेशमाच्या बाबतीत मी जरा शहाणी आहे. भंडाऱ्याचा कोसा हातात धरून मोठी झालेय. बाजारात ‘सिल्क, सिल्क’ म्हणून दोनशे रुपयांत मिळणारा स्कार्फ सिल्क नसतो. आपल्याकडे नसतो, तिकडेही नसतो. कडेचा एक धागा ओढून जाळा. जळक्या केसाचा वास आला आणि हाताने चुरडल्यावर राख झाली तर रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. भारी शोरूम असली म्हणजे खात्री, असंही नाही. २०१७ मध्ये हनोईतल्या एका नामांकित रेशीम ब्रँडच्या स्कार्फवर ‘मेड इन व्हिएतनाम’च्या शेजारी ‘मेड इन चायना’चं लेबल सापडलं, आणि मालकाला जाहीर माफी मागावी लागली. पॉलिएस्टर घेण्यात काही वाईट नाही हो, फक्त ते पॉलिएस्टरच्या भावात घ्या.

यादीतल्या बारा जणींसाठी मात्र स्कार्फ झेपणार नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोंग शुआन मार्केट गाठलं. फ्रेंचांच्या काळात, १८८९ मध्ये बांधलेलं. १९९४ मध्ये मोठी आग लागली, त्यानंतर पुन्हा उभं राहिलं. आतला मामला बराचसा होलसेलचा. गठ्ठे बांधलेत, हातगाड्या धडकताहेत, कोणी तुमच्याकडे बघत नाही. मैत्रिणी हॉटेलात झोपलेल्या. मी एकटी, फ्रेश, खिशात लाखो डोंग आणि डोक्यात आईचं ब्रीफ.

आणि एका स्टॉलवर तेच दिसलं. भरतकाम केलेले छोटे बटवे. चेनवाले, आत अस्तर लावलेले. कमळं, बांबू, नॉन ला घातलेल्या बायका. स्वस्त, हलके आणि दिसणारे! स्टॉलवर आईच्याच वयाची एक बाई होती. नुकतंच प्लास्टिक काढून माल मांडत होती.

मी विचारलं, तिने टाइप केलं: साठ हजार. म्हणजे दोनशे रुपये. मी टाइप केलं: वीस हजार. ती हसली. मी ‘बारा’ अशी बोटं दाखवली. ती पन्नासवर आली. मग मी रंग बघायला सुरुवात केली. हा दाखवा, तो दाखवा, याच्यात निळा आहे का, त्याच्यात लाल? तिने खालचे दोन गठ्ठे सोडले. तीस-चाळीस बटवे काउंटरवर आले. मी एकेकाची चेन ओढून पाहिली. पंचेचाळीस. चाळीस. शेवटी तिने पस्तीस टाइप करून कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला आणि हात जोडल्यासारखे केले. मी पुन्हा वीसच टाइप केलं.

तिने मान हलवली.

आता सीताबर्डीचा नियम काय सांगतो? निघायचं. पाच पावलं टाकायची. सहाव्या पावलाला हाक येते. मी निघाले. पाच झाली, सहा झाली, दहा झाली, हाक काही आली नाही. वळून पाहिलं तर ती बाई एक कागद पेटवत होती. पेटलेला कागद तिने मांडलेल्या मालावरून, काउंटरखालून, स्टॉलच्या तोंडापाशी फिरवला. काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, सकाळची पूजा. किती क्यूट! मी मोबाईल काढला आणि अकरा सेकंदांचा व्हिडिओ घेतला.

दोन ओळी सोडून दुसऱ्या स्टॉलवर तसेच बटवे मला तीस हजारात मिळाले. बारा बटव्यांवर साठ हजार डोंग वाचवले! हॉटेलवर येऊन मैत्रिणींना ही गोष्ट मी ॲक्शनसकट सांगितली. साठ हजार डोंग म्हणजे किती रुपये, हे तेव्हा तिघींपैकी कोणीच मोजलं नाही.

पुढचे सहा दिवस मी फॉर्मात होते. होई आनला कंदील घेतले. हे गाव जुन्या काळातलं व्यापारी बंदर, १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत. तिथले कापडी कंदील छत्रीसारखे मिटतात, बॅगेत सपाट बसतात, आणि दिवाळीला बाल्कनीत लावले की सगळी सोसायटी ‘कुठून आणला?’ विचारते. सायगॉनमध्ये बेन थान मार्केट, घड्याळाचा मनोरा असलेली १९१४ ची इमारत. तिथे टुरिस्ट जास्त, म्हणून पहिला आकडाही उंच. तिथून चोलॉन भागातल्या बिन ताय मार्केटला गेलात तर तो होलसेलवाल्यांचा बाजार, इतवारीसारखाच.

कॉफी तर घ्याच. फ्रेंचांनी तिथे रुजवलेलं हे पीक इतकं वाढलं की आज जगात ब्राझीलनंतर व्हिएतनामचाच नंबर लागतो, आणि त्यातही कडक रोबस्टाचा. कपावर ठेवायचा तो फिन नावाचा छोटा धातूचा फिल्टर घ्या. तळाशी कंडेन्स्ड मिल्क, वरून थेंबथेंब काळी कॉफी. ऑफिसातल्या मशिनची कॉफी नंतर घशाखाली उतरत नाही, हा एकच साइड इफेक्ट. मांजराच्या पोटातून आलेली म्हणून विकतात ती कॉफी मात्र बाजारातल्या भावात खरी निघत नाही, त्या फंदात पडू नका. आणि साप-विंचू घातलेली दारूची बाटली? कितीही ‘कूल’ दिसली तरी नको. नागाला आपल्याकडे वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, एअरपोर्टवर फोटोपेक्षा मोठी गोष्ट होऊन बसेल.

नॉन ला, म्हणजे ती पानांची त्रिकोणी टोपी, बॅगेत मावत नाही. डोक्यावर घालूनच विमानात चढावं लागतं. हुए शहरात बनणाऱ्या खास टोप्यांमध्ये पानांच्या दोन थरांमध्ये कागदी अक्षरांची कविता लपवलेली असते, उजेडाकडे धरली की दिसते. मी बाबांसाठी तीच घेतली. ती घालून मी नागपूरला उतरले तेव्हा रिक्षावाला म्हणाला, ‘‘ताई, शेतातून येऊन राहिल्या का?’’

घरी आले तो रविवार. सोमवारी मी रजा टाकली होती. सकाळी साडेनऊला आईसोबत दुकानात बसले. बाराही बटवे काउंटरवर मांडले. आईने एक उचलला. आधी उलटा केला, आतली शिवण पाहिली, अस्तराला बोट लावलं, चेन दोनदा ओढली. आई वस्तू नेहमी आतून बघते.

‘‘हातचं काम नाही, मशिनचं आहे. पण सफाई चांगली आहे. कितीला पडला?’’

‘‘शंभरला!’’ आणि मी माझी शौर्यगाथा सुरू केली. साठ, पन्नास, पस्तीस, पाच पावलं, सगळं. शेवटी तो अकरा सेकंदांचा व्हिडिओ दाखवला. ‘‘बघ ना आई, कशी पूजा करून राहिली.’’

आईने व्हिडिओ पाहिला. पुन्हा एकदा लावायला सांगितला. तिचं हसू गेलं होतं.

‘‘किती वाजले होते तेव्हा?’’

‘‘आठ-सव्वाआठ.’’

‘‘तिची बोहनी झाली होती?’’

‘‘मला काय माहीत? आत्ताच तर दुकान उघडत होती.’’

‘‘मंग ही पूजा नाही वो,’’ आई म्हणाली. ‘‘तिची बोहनी खराब करून आली तू.’’

पुण्या-मुंबईकडे जिला भवानी म्हणतात, ती आमच्याकडे बोहनी. दिवसाची पहिली विक्री. आई अजूनही बोहनीची नोट कपाळाला लावून गल्ल्यात टाकते. पहिलं गिऱ्हाईक यूपीआयने पैसे देतं तेव्हा ती तो स्पीकरचा डबा काय म्हणतो ते ऐकते आणि क्यूआर कोडला हात लावून नमस्कार करते. बोहनीआधी ती उधार देत नाही, आणि बोहनीच्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाती जाऊ देत नाही, पाच रुपये सोडावे लागले तरी चालतील. पहिलं गिऱ्हाईक जसं, तसा दिवस.

पण हे झालं हुडकेश्वरचं. हनोईचं तिला काय माहीत? मी हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीला मेसेज केला. तिचा नंबर टॅक्सीसाठी घेतला होता. व्हिडिओ पाठवला आणि विचारलं, ही बाई काय करते आहे?

उत्तर दुपारी आलं. आधी एक लाजलेला स्मायली. मग लिहिलं होतं, की आमच्याकडे दिवसाच्या पहिल्या विक्रीला ‘मो हांग’ म्हणतात, माल उघडणं. पहिल्या गिऱ्हाइकाने हुज्जत घातली आणि काही न घेताच ते निघून गेलं, तर दिवस वाईट जातो असं मानतात. मग कागद पेटवून त्याची अशुभ छाया घालवतात. त्याला ‘दोत विया’ म्हणतात. टेत, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, तेव्हा तर घरात पहिलं पाऊल कोणाचं पडावं हेसुद्धा आधी ठरवतात. आणि शेवटी: प्लीज वाईट वाटून घेऊ नका, सगळेच हे मानत नाहीत.

म्हणजे तो कागद माझ्यासाठी होता. मी क्यूट म्हणून शूट केलेली ती पूजा माझीच दृष्ट काढण्याची होती.

खरं सांगू? हे मला दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी ‘अंधश्रद्धा आहे यार’ म्हणून सोडून दिलं असतं. पण मी त्या काउंटरच्या आतल्या बाजूला वाढलेय.

२००२ मध्ये बाबांची मिल बंद पडली. मी पाच वर्षांची होते. आईने पुढच्या खोलीतला पलंग हलवला आणि एका रॅकवर दुकान सुरू केलं. तेव्हा हुडकेश्वर शहरात नव्हतंच, ग्रामपंचायत होती, महापालिकेत आलं ते २०१३ मध्ये. रस्त्यावर दिवे कमी, गिऱ्हाईक त्याहून कमी. मी काउंटरखाली बसून अभ्यास करायची. तिसरीत असतानाची एक सकाळ मला लख्ख आठवते. एक बाई आल्या. त्यांनी साडी काढली आणि आईने ब्लाउजपीस काढायला सुरुवात केली. मोरपंखी, त्यापेक्षा गडद, त्यापेक्षा जरा फिका. रॅक अर्धा रिकामा झाला. भाव तीस रुपये होता. बाई वीसवर अडल्या. आई पंचवीसवर आली, मग तेवीसवर. बाई ‘बर्डीला स्वस्त मिळतो’ म्हणाल्या आणि निघाल्या. पाच पावलं टाकली असतील, दहाही टाकली असतील. आईने हाक मारली नाही. ती मारू शकत नव्हती, तेवीसच्या खाली तिला घरातून पैसे घालावे लागले असते.

मग आईने उंबऱ्यावर पाणी शिंपडलं, पुन्हा उदबत्ती लावली आणि एकेक पीस घडी करून रॅकवर ठेवायला घेतला. त्याला खूप वेळ लागला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक गोंडा आणि दोन हुकांची पाकिटं गेली. त्या बाईंचा चेहरा मी काउंटरखालून पाहिलाच नाही. फक्त त्यांची चप्पल पाहिली, तपकिरी, सोनेरी बकलवाली. कित्येक वर्षं मला त्या चपलेचा राग येत होता.

हनोईत ती चप्पल माझ्या पायात होती.

आणि मी वाचवलं किती? आता मोजा. बटव्यामागे पाच हजार डोंग, गुणिले बारा, साठ हजार. दोनशे रुपये. मिहानच्या कॅन्टीनमध्ये माझ्या दोन दिवसांच्या चहा-नाश्त्याचे पैसे. पस्तीस हजार तिने हात जोडून मागितले तेव्हा मी पैशांसाठी अडले नव्हते. मला जिंकायचं होतं. नंतर मैत्रिणींना सांगायला एक गोष्ट हवी होती. सुवेनियर म्हणून मी खरं तर तीच घेऊन आले होते.

संध्याकाळी मी आईला म्हटलं, आता मी कुठेच भाव करणार नाही. मागतील तेवढे देऊन मोकळी.

यावर आई मनापासून हसली. ‘‘पागल आहे का? मंग तुले सगळेच लुटतीन. भाव करणं काही पाप नाही. मी नाही करत का गांधीबागेत? त्या होलसेलवाल्यासोबत मी तासभर भांडतो आणि मग त्याच्याच दुकानात चहा पितो. त्यालेही मजा येते, मलेही. न बोलता पैसे ठेवले तर त्याले वाटेल, बाईचं काही बिनसलं आहे.’’

‘‘मग माझं चुकलं काय?’’

‘‘तुले घ्यायचंच नव्हतं वीसच्या वर. मंग गठ्ठे कायले सोडायला लावले?’’

हा प्रश्न मी कुठल्याच ट्रॅव्हल गाइडमध्ये वाचलेला नाही. त्यात लिहिलेलं असतं: अर्ध्यापासून सुरू करा, चालायला लागा, हाक येईल. आईची गाइड वेगळी आहे. तीस सीझन... म्हणजे तीस नाही, पण तेवीस दिवाळ्या काउंटरच्या त्या बाजूने पाहून तयार झालेली. तिची परवानगी घेऊन इथे देते, कारण तुमच्यापैकी कोणी ना कोणी येत्या सुट्टीत बेन थान किंवा डोंग शुआनला जाणारच आहे.

एक. सकाळी दुकान उघडतानाच्या वेळी नुसतं ‘बघायला’ जायचं नाही. जायचंच असेल तर एखादी छोटी वस्तू पहिल्या भावात घ्या. एक फ्रिज मॅग्नेट, एक की-चेन. बोहनी तुमच्या हातची झाली की पुढच्या वस्तूंचा भाव ती बाई स्वतःच सांभाळून सांगेल.

दोन. आधी मनात आकडा ठरवा, मग तोंडातून काढा. तुम्ही बोललेला आकडा समोरच्याने मान्य केला की वस्तू तुमची झाली. ‘जरा फिरून येते’ हे त्याच्या आधी म्हणायचं, नंतर नाही.

तीन. भाव आधी, उलटापालट नंतर. चाळीस नग उघडायला लावून मग वीसवर अडणं, हे चालत नाही.

चार. बारा नग घ्यायचे तर बारा नगांचा भाव मागा, तो तुमचा हक्क आहे. एक नग घेऊन बाराचा भाव मागू नका.

पाच. शेवटचा फरक रुपयांत मोजा. डोंगमध्ये पाच हजार फार मोठे वाटतात. रुपयांत मोजल्यावर तुमचं तुम्हालाच कळेल, की आता थांबायचं का.

यातला एकही नियम व्हिएतनामचा नाही. हुडकेश्वर रोडला चालतो, म्हणून तिकडेही चालेल, असं आईचं म्हणणं. त्या कागदाकडे बघून मला तरी ते पटलंय. दोन देशांमध्ये हजारो किलोमीटर, भाषा वेगळी, देव वेगळे. आणि सकाळी दुकानाचं प्लास्टिक काढताना दोन्हीकडच्या बायका एकच गोष्ट मागतात: पहिलं गिऱ्हाईक बरं येऊ दे.

यादीतले बटवे वाटून झाले. सगळ्यांना आवडले. शाळेतल्या बाईंनी तर फोन करून ‘हातचं काम आजकाल कुठे मिळतं गं’ म्हटलं. मी काही बोलले नाही. आईनेही नाही.

आई मला दोनदा म्हणाली, ‘‘तिले ते दोनशे रुपये पाठवता येतीन का काही करून?’’ मी म्हटलं, आई, नाव नाही, नंबर नाही, दोनशे रुपये पाठवायला हजार रुपये लागतील. ती गप्प बसली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं.

आमच्या टीममधला एक पोट्टा पुढच्या महिन्यात हनोईला चाललाय. मी त्याला तो व्हिडिओ दिलाय, आणि मार्केटच्या दारातून किती ओळी, कुठल्या हाताला, त्याचा नकाशाही काढून दिलाय. सांगितलंय, आठच्या आधी पोच, पहिलं गिऱ्हाईक हो, एक बटवा घे आणि ती सांगेल तो भाव दे. पैसे माझ्याकडून.

तो म्हणाला, ‘‘व्हेकेशनमध्ये मी सकाळी आठला उठू? बटव्यासाठी?’’

शेकडो स्टॉल आहेत तिथे. ती बाई त्याला सापडेलच असं नाही, आणि हा उठेलच असंही नाही. आईने मात्र पुढच्या महिन्यातली त्याच्या जायची तारीख दुकानातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवलीये. काय होतं ते कळवीनच.